मागून आणलेलं घर

फार पूर्वीची गोष्ट आहे. घरोघरी पितळेची भांडी होती आणि त्यांना वर्षातून दोनदा कल्हई लावावी लागे, तेव्हाची. एका गावात एक कल्हईवाला आणि त्याची बायको राहत होती. खोली एकच, पुढे हातभर अंगण, आणि अंगणात खड्डा खणून केलेली भट्टी. बायको भाता ओढायची, तो भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकून कथील फिरवायचा. धूर उठला की सगळी आळी खोकत त्यांच्या नावानं बोटं मोडायची. भांडं आतून चकचकीत झालं की तीच आळी हसत हसत घरी जायची.

त्यांना मूल नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवस झाले, झाडपाला झाला, लोकांचे सल्ले ऐकून झाले. शेवटी एक दिवस भाता ओढता ओढता बायको म्हणाली, "अहो, नदीपलीकडच्या मुलांच्या घरातून एखादं मूल आणू या का?"

कल्हईवाल्यानं चिमटा खाली ठेवला. "मी किती दिवस हेच म्हणेन म्हणतोय," तो म्हणाला, "पण तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो."

नदीपलीकडे खरंच एक मोठं घर होतं. आईबाप नसलेली मुलं तिथे राहत. एक वयस्क बाई ते घर सांभाळत. सगळे त्यांना थोरल्या बाई म्हणत. राजाचा हुकूम असा होता, की थोरल्या बाईंनी माणसं पारखल्याशिवाय आणि घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणालाही मूल द्यायचं नाही. मूल कुणाला मिळेल याच्या अटी दारावरच्या फळीवर लिहिलेल्या होत्या. ज्याला वाचता येत नसे, त्याला आतून कुणीतरी येऊन त्या वाचून दाखवी. फक्त विचारायला हवं होतं.

कल्हईवाल्याची बायको नाव सांगायला गेली, तेव्हा फळीपुढे आणखी दोन बायका उभ्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं. पण विचारलं तर त्या दोघी वळून बघतील, किती वर्षं झाली म्हणतील, कुणात दोष आहे म्हणतील. तिनं नुसतीच मान वर करून फळीकडे पाहिलं, जणू वाचतेच आहे.

थोरल्या बाई बाहेर आल्या. त्यांनी तिचं नाव, गाव, धंदा विचारला. मग म्हणाल्या, "पौर्णिमेनंतरच्या सोमवारी मी घर बघायला येईन. अटी वाचल्यास ना, बाई?"

"हो, वाचल्या," ती म्हणाली, आणि पदर सावरत घाईनं परत फिरली.

आता अटी तर कळायला हव्यात. त्या तिला पाणवठ्यावर कळल्या.

"दूधदुभतं लागतं म्हणे घरात," गवळण म्हणाली. "गाय नसेल तर पोराला काय, धूर पाजणार?"

"आणि झोपाळा, पलंग," सुताराची बायको म्हणाली. "जमिनीवर झोपवणाऱ्यांना देत नाहीत. माझ्या मावसबहिणीच्या जावेला परत पाठवलं त्यांनी."

पंतोजींची बायको घागर घासत म्हणाली, "पोथ्यापुस्तकं बघतात. ज्या घरी अक्षर नाही, त्या घरी मूल नाही."

"ते सगळं राहू दे," गवळण म्हणाली, "आधी आजी दाखवावी लागते. वडीलधारं माणूस नसेल तर दारातूनच परत. तुझी सासू तर केव्हाच गेली गं. आता काय करशील?"

सगळ्या हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण कल्हईवाल्याची बायको घागर अर्धी भरूनच घरी आली. तिनं आपल्या खोलीकडे पाहिलं. छताला काजळी, भिंतीला काजळी, नवऱ्याच्या नखांत काजळी. नवसागराचा वास तर कपड्यांतून कधी जातच नसे. तिला आपल्या घराची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

"आपलं आहे तेच दाखवू," नवरा म्हणाला.

"आपलं आहे काय दाखवायला? धूर?"

बायकोपुढे गप्प बसायची त्याला सवय होती.

त्या गावात मुलगी दाखवायचा कार्यक्रम असला की शेजारपाजारहून सतरंजी, तबक, पानाचा डबा मागून आणायची पद्धत होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पाहुणे गेले की ज्याचं त्याला परत. कल्हईवाल्याच्या बायकोनं तेच केलं. तिनं गवळणीची गाय आणली, वासरासकट. सुताराकडून झोपाळा आणि लहानसा पलंग आणला. पंतोजींच्या घरून पुस्तकांचा गठ्ठा आणला आणि तो फळीवर असा मांडला, की कुणीतरी आत्ताच वाचून ठेवल्यासारखा दिसावा. भिंतींना पांढरी माती फासली. भट्टीवर फळ्या टाकून वर तुळशीची कुंडी ठेवली.

राहिली आजी.

आळीच्या टोकाला हलवायाचं दुकान होतं. त्याची आई दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसलेली असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हलवायाच्या आजोबाची गोष्ट सांगत असे. तिची सून तिला कंटाळली होती.

"न्या की," सून म्हणाली. "पण दोन्ही वेळचं जेवण तुमच्याकडे. आणि तिला गोड देऊ नका, उगाच सवय लागते."

म्हातारी मात्र हरखली. "मला काय म्हणायचं ते सांगून ठेव गं. मी नाटकात होते लहानपणी."

"काही नाही, आजी. एवढंच म्हणा, माझी सून सोन्यासारखी आहे."

"सून सोन्यासारखी. झालं पाठ. आपल्या घरी कधी म्हटलं नाही, इथे म्हणून बघते."

सोमवार उजाडला. थोरल्या बाई छत्री टेकत आल्या. त्यांनी पाणी घेतलं, दूध घेतलं, झोपाळ्यावर बसून एक झोका घेतला. गाईच्या पाठीवर हात फिरवत त्या म्हणाल्या, "गुणाची दिसते. नाव काय हिचं?"

"चंद्री," बायको म्हणाली.

"कपिला," त्याच वेळी नवरा म्हणाला.

दोघांचे चेहरे पांढरे पडले. म्हातारी झोपाळ्यामागून म्हणाली, "एक नाव कागदावरचं, एक लाडाचं. आमच्याकडे सगळ्यांना दोन दोन नावं. मला विचाराल तर माझी सून सोन्यासारखी आहे."

थोरल्या बाई हसल्या. "आजी, घरात मूल येणार आहे. तुम्हाला चालेल ना?"

"सोन्यासारखी," म्हातारी म्हणाली.

निघताना थोरल्या बाई उंबऱ्याशी थांबल्या. त्यांनी दोघांकडे पाहून शांतपणे विचारलं, "तुम्हाला मला काही सांगायचं राहिलंय का? मी सगळ्यांनाच विचारते हे. वेळ आहे माझ्याकडे."

कल्हईवाल्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "काही राहिलं नाही."

आठ दिवस गेले. कदाचित बाई पुन्हा येतील, म्हणून तिनं काहीच परत केलं नाही. लोक आपापल्या वस्तू परत मागायला लागले होते, ती आज-उद्या करत होती. आणि नवव्या दिवशी सकाळी थोरल्या बाई खरंच आल्या. त्यांच्या बोटाला धरून सात वर्षांची एक मुलगी होती. काखेत कपड्यांचं गाठोडं. केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेल्या.

"ही सगुणा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी कल्हईवाल्याच्या बायकोला बाजूला घेतलं. "हे तुला सांगायलाच हवं. ही एकदा एका घरी गेली होती. वीस दिवसांनी त्यांनी परत आणून सोडली. पोर फार गप्प आहे म्हणाले. तेव्हापासून तिला माणसांवर भरवसा ठेवायला वेळ लागतो. महिनाभर तुमच्याकडे राहू दे. तीस दिवसांनी मी येईन, तुम्हाला विचारीन, तिला विचारीन. मग राजाचा शिक्का. तोवर ती आमची, नंतर तुमची."

कल्हईवाल्याच्या बायकोला रडूच आलं. बारा वर्षांत तिला कुणी असं काही दिलं नव्हतं.

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. सगुणा बोलायची नाही, पण बघायची सगळं. तिला झोपाळा फार आवडला. त्याहून आवडली आजी. म्हातारीला तर गोष्टी ऐकणारं माणूसच मिळालं होतं. ती बोलत राहायची आणि सगुणा तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत राहायची. तिसऱ्या दिवशी सगुणा पहिल्यांदा हसली. हलवायाच्या आजोबानं चुकून बुंदीत मीठ घातलं, त्या गोष्टीवर.

चौथ्या दिवशी गवळण दाराशी आली. "काम झालं ना तुमचं? मग आमची गाय सोडा. रतिबाचे लोक ओरडतायत." ती गाय घेऊन गेली. वासरू मागे वळून वळून बघत गेलं.

सहाव्या दिवशी सुतार आला. त्याला पलंग गिऱ्हाइकाला द्यायचा होता. झोपाळाही त्यानं कड्यांवरून उतरवला. सगुणा भिंतीला टेकून उभी राहिली आणि कड्या रिकाम्या झालेल्या तिनं पाहिल्या. नवव्या दिवशी पंतोजींची बायको पुस्तकं मोजून घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "एकाला हळदीचं बोट लागलंय. तुमच्याकडे पुस्तक म्हणजे जेवणाचा पाटच, नाही का?"

प्रत्येक वेळी कल्हईवाल्याची बायको सगुणाला सांगायची, "दुरुस्तीला नेलंय हो. येईल परत." सगुणा मान हलवायची.

अकराव्या दिवशी हलवाई आला. "आई, चल. तुझ्या सुनेला माहेरी जायचंय. दुकानावर बसायला कुणी नाही."

म्हातारी उठेना. "मी हिची आजी आहे," ती म्हणाली.

"आई, नाटक संपलं आता," हलवाई वैतागून म्हणाला. "आमची आजी कोण होणार मग?"

म्हातारी उठली. जाताना तिनं सगुणाच्या तोंडावरून हात फिरवला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तिला काही सुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही सुचलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्हईवाल्याच्या बायकोनं भाकरी टाकायला तवा चढवला आणि सहज वळून पाहिलं. सगुणा उंबऱ्यावर बसली होती. अंगात चांगला परकर, मांडीवर गाठोडं बांधून ठेवलेलं.

"अगं, कुठे निघालीस?"

आज बाजार आहे का असं विचारावं तितक्या साधेपणानं सगुणानं विचारलं, "मला न्यायला कोण येणार आहे?"

"कुणी नाही गं. तुला कोण नेणार?"

"सगळ्यांना न्यायला आले," सगुणा म्हणाली. "मला न्यायला येणार, का तुम्हीच सोडायला येणार? मला आधी सांगितलं तर मी तयार बसते."

ती रडत नव्हती. तिला खरंच एवढंच जाणून घ्यायचं होतं.

तव्यावरची भाकरी जळली. कल्हईवाल्याची बायको तशीच उभी राहिली. लोक हसले होते, टोमणे मारले होते, त्याची तिला लाज वाटली होती. पण ती लाज आणि ही लाज यांत किती फरक होता! त्या लाजेत लोकांची तोंडं समोर दिसायची. या लाजेत तिला फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं. एका परत केलेल्या मुलीला तिनं परत करायच्या सामानात आणून ठेवलं होतं.

नवरा अंगणात होता. ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "मी बाईंना जाऊन सगळं सांगते."

"वेडी झालीस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "फक्त अठरा दिवस राहिलेत. शिक्का बसू दे. मग पोर आपली. मग काय सांगायचं ते सांग, मी अडवणार नाही."

"आणि तोवर तिला काय सांगू? गाय दुरुस्तीला गेलीय?"

"बाई तिला काढून घेतील गं." त्याचा आवाज फाटला. "बारा वर्षं झाली. पुन्हा कोण देईल आपल्याला?"

तिलाही तीच भीती होती. सांगितलं तर पोर जाणार, हे तिला उघड दिसत होतं. न सांगितलं तर पोर राहणार, पण रोज सकाळी गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसणार, हेही दिसत होतं. ती बराच वेळ भट्टीच्या कडेला बसून राहिली. मग तिनं पाय धुतले, सगुणाला भाकरी खायला घातली आणि तिचा हात धरून नदीकडे निघाली. अर्ध्या वाटेवर मागून पावलं वाजली. कल्हईवाला येत होता. त्यानं सगुणाचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

थोरल्या बाई ओसरीवर मुलांचे कपडे निवडत होत्या. त्यांनी सगुणाला आत पाठवलं. कल्हईवाल्याची बायको उभ्यानंच बोलायला लागली.

"बाई, गाय आमची नव्हती. झोपाळा, पलंग, पुस्तकं, काहीच आमचं नव्हतं. आणि आजी..." तिला पुढे बोलवेना. "आजीसुद्धा मागून आणली होती."

थोरल्या बाईंच्या हातातला सदरा तसाच राहिला. "का केलंस असं?"

"अटी होत्या म्हणून. गाय हवी, पलंग हवा, वडीलधारं माणूस हवं..."

"कुठे वाचलंस?"

तिची मान आणखी खाली गेली. "मला वाचता येत नाही. पाणवठ्यावर ऐकलं."

बाई उठल्या. त्यांनी तिला दारावरच्या फळीपुढे नेऊन उभं केलं आणि एकेक ओळ बोटानं दाखवत वाचली. नवराबायको दोघांच्याही मनात असावं. अंगात मोठं दुखणं नसावं. पोटापुरती कमाई असावी. मूल मोठं होईतो सांभाळता येईल इतपत वय असावं. घरात आणखी कुणी राहत असेल, तर त्यांना विचारलेलं असावं. घर आहे तसं पाहू द्यावं.

"बस?" कल्हईवाल्यानं विचारलं.

"बस. एवढंच."

दोघंही त्या फळीकडे बघत राहिली. त्यांच्याकडे यातलं सगळं होतं. सहापैकी पाच अटी घरात होत्या, आणि सहावी त्यांनी पांढरी माती फासून बुजवली होती. बाई ओरडल्या असत्या, त्यांनी हाकलून दिलं असतं तरी बायकोला इतकं लागलं नसतं.

थोरल्या बाई थकल्यासारख्या पायरीवर बसल्या. "मी वीस वर्षं घरं बघतेय," त्या म्हणाल्या. "गाईची दोन नावं ऐकली तेव्हाच मला थांबायला हवं होतं. मी हसले आणि पोर तुमच्या हाती दिली. त्यामुळे यातली थोडी लाज माझ्याही वाट्याची आहे."

मग त्यांनी निर्णय सांगितला. "सगुणा आता इथेच राहील. ज्यानं घर खोटं दाखवलं, त्याच्याकडे मी मूल ठेवू शकत नाही. चार महिन्यांनी पुन्हा नाव द्यायची तुम्हाला मुभा आहे. मिळेलच असं मी म्हणत नाही. तोवर दुसरं चांगलं घर आलं, तर ती तिकडे जाईल."

"बरं," एवढाच शब्द कल्हईवाल्याच्या बायकोच्या तोंडून निघाला.

"आणि हे तिला मी सांगणार नाही. तू सांगायचंस."

सगुणा मागच्या अंगणात रिठ्याच्या झाडाखाली बसली होती. कल्हईवाल्याची बायको तिच्यासमोर खाली बसली. थोरल्या बाईंना सांगणं सोपं होतं, असं तिला त्या क्षणी वाटलं.

"सगुणा, मी तुला खोटं सांगितलं. दुरुस्तीला काही नेलं नव्हतं."

"गाय?" सगुणानं विचारलं.

"गवळणीची."

"झोपाळा?"

"सुताराचा."

"आजी?"

"हलवायाची." तिला डोळे वर करवेनात. "मी तिला आजी व्हायला सांगितलं होतं."

सगुणा बराच वेळ मातीत रेघोट्या ओढत होती. मग तिनं ओसरीकडे बोट केलं. तिथे कल्हईवाला गाठोडं छातीशी धरून उभा होता. "आणि ते?"

"ते आमचेच आहेत. ते कुणाकडून आणलेले नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी खरीच होते गं," कल्हईवाल्याची बायको म्हणाली. "पण नीट वागले नाही. तुझी काही चूक नव्हती. तू गप्प होतीस म्हणून नाही, हळदीच्या बोटामुळे नाही, कशामुळेच नाही. चूक माझी आहे. म्हणून तुला इथे राहावं लागतंय."

सगुणा उठली, तिनं कल्हईवाल्याच्या हातातून आपलं गाठोडं घेतलं आणि आत निघून गेली.

पुढचे चार महिने कसे गेले, ते त्या दोघांनाच ठाऊक. आळीला बातमी कळायला वेळ लागला नाही. "काय गं, आजी परत केलीस, नातही परत केलीस?" पाणवठ्यावर कुणीतरी म्हणायचं, आणि ती खाली मान घालून घागर भरायची. पूर्वी तिनं चार शब्द सुनावले असते. आता तिला वाटायचं, खरंच तर आहे.

पण तिनं एक केलं. ती ज्यांच्याकडून वस्तू आणल्या होत्या, त्यांच्या दारी गेली आणि म्हणाली, "तुमची वस्तू आणली हे एक. पण ती माझी म्हणून दाखवली, त्यात तुम्हाला ओढलं, हे माझं चुकलं." सुतार ओशाळला. गवळण म्हणाली, "आम्हीच तुला भलतंसलतं सांगितलं गं." हलवायाची म्हातारी पायरीवर बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू मला खोटी आजी केलंस, त्याचं मला काही नाही. पण त्या पोरीला मी खरी वाटले होते. तिच्याकडे बघून मलाही मी खरी वाटायला लागले होते. वाईट केलंस बाई."

घरी भिंतीवरची पांढरी माती हळूहळू पुन्हा काळी झाली. तिनं ती पुन्हा फासली नाही.

सुगी आटोपली, चार महिने पुरे झाले. ती पुन्हा नाव द्यायला गेली. यावेळी फळीपुढे पाचसहा माणसं उभी होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मला वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवा." लोकांनी वळून पाहिलं. तिनं बघू दिलं.

थोरल्या बाई एका दुपारी आल्या. भट्टी पेटलेली होती, धूर डोळ्यांत जात होता. बाईंनी एकच खोली पाहिली, जमिनीवरचं अंथरूण पाहिलं, ताटं किती ते पाहिलं. मग त्या खोकत खोकत शेजारी गेल्या आणि आळीत तासभर एकेकाला काय काय विचारत राहिल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "भट्टी घरापासून लांब हलवा. मुलाच्या छातीला हा धूर बरा नाही. बाकी मला जे बघायचं होतं, ते दिसलं."

"आमच्यात काय दिसलं, बाई?" कल्हईवाल्यानं भीत भीत विचारलं.

"काजळी," बाई म्हणाल्या. "तीच बघायची होती."

पण एवढ्यानं झालं नाही. सहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःला विचारायचं, असा त्या घरचा नियम होता. बाईंनी सगुणाला एकटीला बसवून विचारलं. सगुणानं दोन दिवस मागून घेतले. ते दोन दिवस कल्हईवाल्याच्या बायकोनं अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सगुणा म्हणाली, "जाते. त्यांनी मला खरं सांगितलं होतं. आधीच्या लोकांनी सांगितलं नव्हतं."

शिक्का देताना थोरल्या बाईंनी एक अट मात्र घातली, आणि ही कुठल्याही फळीवर नव्हती. "दर महिन्याला मूल मागायला नवी माणसं येतात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोर येऊन तू काय केलंस ते सांगायचंस. स्वतःच्या तोंडानं. काही न गाळता."

ती तेव्हापासून दर महिन्याला नदी ओलांडून जाऊ लागली. अनोळखी नवराबायकोंच्या पुढे बसे आणि गाईची दोन नावं, मागून आणलेली आजी, जळलेली भाकरी, सगळं सांगे. लोक आधी हसत, मग मन लावून ऐकत.

बरीच वर्षं गेल्यावर एकदा एका तरुण बाईनं तिला विचारलं, "पण मग तुमच्या मुलीनं तुम्हाला माफ केलं का हो?"

"ती माझ्याकडे राहते," कल्हईवाल्याची बायको म्हणाली. "माझ्याशी भांडते. माझ्यावर रुसते. नको ते हट्ट करते. पण माफ केलं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. तेवढं विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही."

तरुण बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग ती चाचरत म्हणाली, "आम्ही नाव देताना लिहिलंय की आमच्यात कधी भांडण होत नाही. ते... ते खरं नाही. आत जाऊन बदलून आलो तर चालेल का?"

"जा," कल्हईवाल्याची बायको म्हणाली. "आत्ताच जा. थोरल्या बाई अजून आतच आहेत."

तात्पर्य एवढंच, की मूल मागायला जाताना घरात काय नाही याची लाज बाळगू नये. नाही ते आहे म्हणून दाखवलं, तर त्याची लाज मात्र जन्मभर पुरते, आणि तिची किंमत मोठ्यांच्या आधी मुलाला मोजावी लागते.